पुनश्च पायडल

एकदा सायकल शिकलेला माणूस ती जन्मात विसरत नाही, असं म्हणतात. पोहणं, सायकल आणि दुसऱ्याला दिलेले उसने पैसे या तीन गोष्टी म्हणे माणसाच्या कायमच्या लक्षात राहतात. या म्हणण्याला माझा विरोध नाही. फक्त ते अर्धंच आहे. माणूस सायकल विसरत नसेल. पण माणसाचे गुडघे, कंबर, पोटऱ्या आणि फुप्फुसं यांच्या स्मरणशक्तीबद्दल कुणी काही बोलत नाही. आमच्या बँकेत पंधरा-वीस वर्षं झोपलेल्या खात्याचा मालक एक दिवस अचानक उगवतो. स्लिप भरतो, सही ठोकतो आणि "माझेच पैसे, माझीच सही" म्हणत काउंटरवर हात आपटतो. आम्ही नमुन्याची सही काढून बघतो. नाव तेच असतं, वळण मात्र कुठल्या कुठे गेलेलं असतं. "साहेब, सही जुळत नाही," हे त्याला नम्रपणे सांगण्याचं काम मी गेली बावीस वर्षं करतो आहे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा सायकलवर बसलो, तेव्हा माझ्या दोन्ही गुडघ्यांनी मला हेच, अगदी याच सुरात सांगितलं.

कॉमर्सला असताना आम्हाला अर्थशास्त्रात 'कनिष्ठ वस्तू' नावाचा एक प्रकार होता. माणसाचं उत्पन्न वाढलं की ज्या वस्तूची मागणी घटते, ती कनिष्ठ वस्तू. वर्गात याचं उदाहरण म्हणून सायकल सांगितली जाई आणि आम्ही सगळे सायकलवर आलेले विद्यार्थी ते मान खाली घालून उतरवून घेत असू. तेव्हाचं पुणं सायकलींचंच होतं. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी तर सायकलला महानगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट दिसली की चौकातला पोलीस शिट्टी मारी. माणूस नोकरीला लागला की पहिली सायकल, लग्न झालं की स्कूटर, आणि मुलाचं लग्न झालं की मोटार, असा एक क्रम होता. आता तो फिरून मुळाशी आला आहे. आता ज्याच्याकडे मोटार आहे तोच सायकल घेतो. ती मोटारीच्या मागे उलटी टांगतो, गावाबाहेर नेतो, तिथे चालवतो आणि पुन्हा टांगून घरी आणतो. उत्पन्नाबरोबर सायकलची मागणी वाढते की घटते, हे आता अर्थशास्त्र्यांनी बघावं. माझ्या पाहण्यात ती कमरेच्या घेराबरोबर वाढते.

माझ्या बाबतीत हा घेर कागदावर आला तो बँकेच्या वार्षिक तपासणीत. ऑडिट म्हटलं की बँकेतला माणूस घाबरतो. हे तर देहाचं ऑडिट. डॉक्टरांनी वजन घेतलं : ८४ किलो. उंची घेतली : एक मीटर ६८ सेंटिमीटर. मग त्यांनी उंचीचा वर्ग केला आणि त्याने वजनाला भागलं. उत्तर आलं २९.८. बावीस वर्षं व्याजाची आकडेमोड केलेला मी माणूस, पण स्वतःचाच असा भागाकार झालेला प्रथमच पाहत होतो.

"कितीपर्यंत चालतं?" मी विचारलं.

"गोऱ्या लोकांना २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. आपल्याला २३ आणि २५."

म्हणजे हाच आकडा घेऊन मी एखाद्या गोऱ्या घराण्यात जन्मलो असतो, तर नुसता भरल्या अंगाचा ठरलो असतो. "आपल्याला ही वेगळी वागणूक का?" असं मी जरा दुखावल्या स्वरातच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आपली चरबी पोटावर बसते आणि साखर कमी वजनालाच मागे लागते. नियम माझा नाही, तुमच्या पोटाचा आहे."

मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.२. ही तपासणी मला फार आवडली, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. बचत खात्यात एकतीस मार्चला घाईघाईने पैसे भरून ऐट मारणारे लोक असतात. त्यांच्यासाठी बँकेने तिमाही सरासरी शिल्लक हा प्रकार काढला. तसंच हे. आदल्या दिवशी कारल्याचा रस पिऊन डॉक्टरला फसवता येत नाही. ५.७ च्या आत असलात तर साव, ६.५ ला पोचलात तर मधुमेही, आणि मधे असलात तर उंबरठ्यावर. मी उंबरठ्यावर होतो आणि माझं तोंड घराच्या आतल्या बाजूला होतं.

"घरात कुणाला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडिलांना होता."

आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सदाशिव पेठेतून खडकी, जाऊन-येऊन रोजचे सोळा किलोमीटर. डब्याची पिशवी हँडलला, पँटच्या पायाला क्लिप, पावसाळ्यात डोक्यावर टोपीचा रेनकोट. अंगावर मांस असं नव्हतंच. त्या काळ्या सायकलीच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून, अंगाचं प्रश्नचिन्ह करून मी सायकल शिकलो. २००२ साली आप्पा निवृत्त झाले. सहकाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने सत्कार केला आणि भेट म्हणून एक वेताची आरामखुर्ची दिली. आप्पांनी सायकल जिन्याखाली लावली आणि ते खुर्चीत बसले. पस्तीस वर्षं पाय मारले, आता बसायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता आणि घरातही कुणाला तो चुकीचा वाटला नाही. दोन वर्षांत साखर निघाली. पुढे पायाला झालेली साधी जखम भरेना, अंगठा काढावा लागला. मग उजव्या पायातली चप्पल राहीना म्हणून आईने तिला मागे इलास्टिकचा पट्टा शिवून दिला. २०१३ साली ते गेले. ती चप्पल बरीच वर्षं जिन्याखाली, सायकलीशेजारी होती.

डॉक्टरांना मी यातलं फक्त "वडिलांना होता" एवढंच सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं. आप्पांनी बँकेतल्या ठेवींवर मला नॉमिनी लावलं होतं, ते मला ठाऊक होतं. या खात्यावरही लावलं होतं, हे त्या दिवशी कळलं.

"आठवड्याला निदान १५० मिनिटं हातपाय हलवा," डॉक्टर म्हणाले. "चाला, पोहा, सायकल चालवा. काहीही करा. फक्त उद्यापासून म्हणू नका."

मी सायकल घ्यायचं ठरवलं. चालण्यात ओळखीचे लोक भेटतात आणि कर्जाची चौकशी करतात. पोहण्यात कपडे काढावे लागतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि तिथून निघून ते नांगरांच्या कारखान्यापर्यंत पोचले. मी उलट दिशेने, म्हणजे बँकेतून निघून सायकलच्या दुकानापर्यंत पोचलो. दुकान वातानुकूलित होतं. सायकली भिंतीवर चित्रांसारख्या लावल्या होत्या. एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "अंकल, रोड, हायब्रिड की माउंटन?"

"सिंहगड रोड," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे, म्हणजे माझ्या मध्यभागाकडे पाहिलं आणि हायब्रिड दाखवली. किंमत बावीस हजार. गियर एकवीस. मी सवयीने विचारलं, "यात काय काय आलं?"

"म्हणजे?"

"स्टँड?"

"वेगळा."

"मडगार्ड?"

"वेगळं."

"घंटी, दिवा, कॅरिअर, कुलूप?"

"सगळं वेगळं, अंकल."

"मग बावीस हजारांत काय?"

"सायकल," तो म्हणाला.

आप्पांच्या सायकलीला हे सगळं जन्मजात होतं, वर चेनकव्हर आणि सीटखाली हत्यारांची चामडी पिशवी. पण नवीन सायकलशास्त्राचा नियम असा, की जितकं कमी द्याल तितकी किंमत जास्त. सीटच्या बाबतीत तर या नियमाची कमाल झाली होती. ती साधारण उलथन्याच्या पात्याएवढी होती. "एवढ्यावर हे सगळं मावणार कसं?" असं मी विचारलं, तेव्हा त्या मुलाने मला शरीरशास्त्र शिकवलं. माणूस बसतो तो खालच्या दोन हाडांवर. ती दोन टेकली की झालं. बाकीच्या ऐवजाला आधाराची गरज नसते. उलट सीट रुंद आणि मऊ असेल तर लांबच्या रपेटीत मांड्या घासतात. मी त्याला म्हटलं, "ती दोन हाडं मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाहीत." तेव्हा त्याने एक काळी चड्डी पुढे केली. तिच्यात खाली जाड गादी शिवलेली होती. ही घालताना आत दुसरं काही घालायचं नसतं, हे त्याने चारचौघांत आणि मोठ्याने सांगितलं.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी ती चड्डी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली.

"अहो, हे काय आहे?"

"सायकलची चड्डी."

"सायकलला घालायची?"

"नाही. मी."

"आणि हे घालून तुम्ही जिन्यातून उतरणार? समोर जोशीकाकू रांगोळी काढत असतात!"

शेवटी तिच्यावरून नेहमीची पँट घालायची अशी तडजोड झाली. परिणामी पहिल्या दिवशी मी आधी होतो त्याहून दोन इंचांनी जाड दिसत होतो. बारीक होण्याच्या मार्गावरचा तो माझा प्रारंभ.

पहाटे पावणेसहाला सिंहगड रस्ता मोकळा असतो. सपाटीवर मी असा काही गेलो म्हणता! वारा कानाला लागला, छाती भरून आली, वीस वर्षं गळून पडल्यासारखी वाटली. मग धायरीचा उड्डाणपूल आला. मोटारीतून जाताना हा पूल चढाचा आहे हे कधी कळतच नाही. निम्म्या पुलावर ती गळून पडलेली वीस वर्षं धावत येऊन मागच्या कॅरिअरवर बसली. कॅरिअर वेगळं असल्यामुळे मी घेतलेलं नव्हतं, तरी बसली. डाव्या बाजूने पेपर टाकणारा मुलगा गेला. त्याच्या सायकलला एकही गियर नव्हता आणि हँडलवर शंभरभर पेपर होते. मग दप्तर लावलेली एक शाळकरी मुलगी गेली, तीही मागे वळून "काका, पाणी हवंय का?" असं विचारून. कार्ल फॉन ड्राइस नावाच्या जर्मन गृहस्थाने १८१७ साली जी पहिली दुचाकी केली, तिला पायडल नव्हतं. आळीपाळीने पाय जमिनीला लावून ती ढकलायची असे. पुलाचा उरलेला निम्मा भाग मी त्या ऐतिहासिक पद्धतीने पार केला.

चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागले. आमच्या कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारे अण्णा आहेत. पंक्चर, ब्रेक, चाकाचा आउट काढणं, ओव्हरॉयलिंग, सगळं एका झाडाखाली. त्यांचं छोटं कर्ज आमच्याच शाखेत आहे आणि एकही हप्ता थकलेला नाही. त्यांनी मला नुसतं येताना पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, सीट कुणी बसवली?"

"दुकानात."

"ती खुर्ची समजून बसवली त्यांनी. उतरा."

मग त्यांनी मला भिंतीला धरून वर बसवलं, पायडल एकदम खाली नेलं आणि टाच त्यावर ठेवायला सांगितली. "टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने चालवताना गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. तुमचा निम्मा वाकत होता. गुडघ्यावर सगळा भार." त्यांनी सीट चार बोटं वर केली. सीट ज्या कामाला येते ते बसण्याचं नसून पाय लांब करण्याचं आहे, हे बावीस हजारांत मिळालं नव्हतं, ते फुकट मिळालं.

गियरचंही तसंच. पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन साती एकवीस, एवढं अंकगणित मला कळलं होतं. पण कुठली कधी, हे दुकानातल्या मुलाने इतकं शास्त्रशुद्ध सांगितलं होतं की त्यातलं काही उरलं नाही. अण्णा म्हणाले, "साहेब, गियर म्हणजे कर्जाचा हप्ता समजा. पुढची चकती लहान आणि मागची मोठी, म्हणजे हप्ता लहान, महिने जास्त. पाय जास्त वेळा फिरतो, पण प्रत्येक वेळी थोडंच भरायचं. चढ तेवढाच. तो काही माफ होत नाही. तुम्ही मोठ्या गियरमध्ये एकरकमी भरायला जाता, म्हणून गुडघा मोडतो." इतकं स्वच्छ बँकिंग मला आमच्या प्रशिक्षण केंद्रातही कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी धायरीचा पूल लहान हप्त्यांत चढलो. पेपरवाला पुढे गेलाच. पण पाणी कुणी विचारलं नाही.

इथपर्यंत माझं आणि सायकलचं ठीक चाललं होतं. खरा प्रश्न आला तो समाजाकडून. आपल्याकडे माणसाने व्यायाम सुरू केला की तो खाजगी राहत नाही. ती सार्वजनिक ठेव होते आणि जो तो येऊन व्याज विचारतो. आठव्या दिवशी हेड कॅशिअरने नोटा मोजता मोजता विचारलं, "किती उतरलं?" शाखेच्या सुरक्षारक्षकाने बंदूक भिंतीला टेकून मला मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, काही फरक दिसत नाही." शाखाधिकाऱ्यांनी तर लक्ष्यच ठरवून दिलं : "मार्चअखेर दहा किलो." बँकेत मार्चअखेर काय होत नाही? पण ते कागदावर.

मी कॉमर्सचा माणूस. अंदाजावर चालत नाही. एका रविवारी वही घेऊन बसलो. माझ्या वजनाच्या माणसाने रमतगमत तासभर सायकल चालवली, तर साधारण साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे एक किलोला बावीस तास. २५ चा आकडा गाठायला मला साधारण तेरा किलो उतरवायचे. तेरा गुणिले बावीस, दोनशे शहाऐंशी तास. रोज एक तास, एकही सुट्टी नाही, तर साडेनऊ महिने. आणि हेही कशाच्या बोलीवर? त्या तासानंतर एक घासही जास्त खायचा नाही.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. पुस्तकपालनाचा पहिला नियम : जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. तासभर पायडल मारून साडेतीनशे गेले, ते जमा. घरी आलो की सौभाग्यवती म्हणणार, "एवढे दमून आलात, दोन घास जास्त घ्या," आणि पोह्यांची दुसरी बशी पुढे करणार. ती नावे. एका वडापावात सुमारे तीनशे कॅलरी असतात. म्हणजे सकाळी तासभर गाळलेला घाम बँकेबाहेरच्या गाडीवर चार मिनिटांत पुसला जातो, चटणीसकट. हा ताळेबंद मी हेड कॅशिअरला दाखवला. तो म्हणाला, "मग वडापाव सोडा, सायकल कशाला?" त्याचा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला.

वजनाच्या काट्याची तर आणखी वेगळी तऱ्हा. पहिल्या दिवशी सायकलवरून आलो आणि काट्यावर उभा राहिलो, तर पाऊण किलो कमी! मी ओरडून घर जागं केलं. बारावीतली कन्या डोळे चोळत आली आणि म्हणाली, "बाबा, तो घाम आहे. पाणी प्या, परत येईल." पाणी प्यायलो, परत आलं. दोन आठवड्यांनी पाहिलं, तर अर्धा किलो वाढलेलं. कन्येने याचंही शास्त्र सांगितलं : व्यायामाला लागलेले स्नायू साखरेचा साठा करतात आणि त्याबरोबर पाणी धरून ठेवतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर रोजच्या शिल्लकेत आवकजावक चालूच असते. तिच्यावरून माणसाची सांपत्तिक स्थिती ठरवू नये. मी काट्यावर आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी उभं राहायचं ठरवलं. घरात शांतता नांदू लागली.

रविवारी आमचा एक कंपू खडकवासल्याला जातो. त्यात एक दंतवैद्य आहेत, दोन सॉफ्टवेअरवाले आहेत आणि बहात्तर वर्षांचे एक निवृत्त सुभेदार आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मनगटावर नाडी मोजणारी घड्याळं, दंतवैद्यांच्या सायकलवर वेग, अंतर आणि चढ सांगणारं यंत्र. सुभेदारांकडे काही नाही. ते फक्त पुढे असतात. नांदेड फाटा, किरकटवाडी करत धरणाशी पोचलं की सगळे दम खातात, आणि दमाबरोबर कांदाभजी. समोर पाणी पसरलेलं, वर गार वारा, आणि हातात कागदावर गरम भजी. अशा वेळी जमाखर्चाची आठवण काढणारा माणूस बँकेतदेखील कुणाला आवडत नाही.

एकदा मी सुभेदारांना विचारलं, "काका, इतकी वर्षं चालवताय, वजन किती उतरलं?"

त्यांनी शेवटचं भजं शांतपणे संपवलं. "वजन उतरवायला येताय होय? मग घरी कमी जेवा. स्वस्त पडेल. इथे यायचं ते दिवसभर बरं वाटतं म्हणून." आणि ते उठून सायकलवर बसलेही. परतीच्या वाटेवर मला त्यांचा फक्त पाठीवरचा घाम दिसत होता, तोही लांबून.

हे वाक्य मला पावसाळ्यात फार उपयोगी पडलं. आमच्या धंद्यात नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए होतं. पुण्याचा पाऊस असा, की माणसाचं कुठलंही सत्कृत्य जूनमध्ये थकतं आणि सप्टेंबरात बुडीत खात्यात जातं. किलोंच्या आशेवर बसलो असतो तर मीही गेलो असतो. पण दिवसभर बरं वाटतं, ही लालूच मोठी असते. पाऊस उघडला की अर्धा तास, नाही उघडला तर जिन्याच्या चार फेऱ्या, असं करत मी हप्ता भरत राहिलो. एकही नव्वद दिवस होऊ दिले नाहीत, नऊसुद्धा नाहीत.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वजन साडेएक्याऐंशी. म्हणजे आठ महिन्यांत अडीच किलो. शाखाधिकाऱ्यांच्या लक्ष्याच्या पंचवीस टक्के. एवढ्या वसुलीवर आमच्याकडे मेमो मिळतो. मी काट्यावरून उतरताना डॉक्टरांना म्हणालो, "फार काही नाही."

"थांबा," ते म्हणाले आणि दुसरा कागद उलटला. साखरेची तीन महिन्यांची सरासरी ५.८. रक्तदाब खाली. कमरेचा घेर पाच सेंटिमीटरने कमी. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं, ते मला आठवलं.

"पण वजन?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चेन्नईत डॉक्टरांनी तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षं अभ्यास केला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला, असं ते सांगू लागले. सरासरी वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. नुसता जुजबी सल्ला देऊन सोडलेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरात पंचावन्न मधुमेही झाले. ज्यांना रीतसर चालायला, हलायला आणि बेताने खायला लावलं, त्यांच्यात शंभरात एकोणचाळीस. "आणि गंमत म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा जागच्या जागी, आणि आजार मात्र मागे हटलेला. स्नायू काम करायला लागले की साखर वापरतात. त्यासाठी ते काट्याची परवानगी मागत नाहीत. वजन उतरलं तर सोन्याहून पिवळं. नाही उतरलं म्हणून सायकल विकू नका."

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बँकेत आलो तर पेन्शनच्या दिवशी नेमाने येणाऱ्या एक आजी काउंटरवर होत्या. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि चुकचुकल्या. "किती उतरलात हो! चेहरा बघा कसा झालाय. साखर निघाली का?"

आपल्याकडे हे असं आहे. जाड असेपर्यंत माणूस खात्यापित्या घरचा, आणि जरा सडसडीत झाला की आजारी. आजींना मी म्हणालो, "नाही आजी, निघता निघता राहिली." त्यांना ते कळलं नाही. पासबुक भरून घेऊन त्या गेल्या आणि जाताना रक्षकाला म्हणाल्या, "चांगला मुलगा होता."

आता मला कुणी "किती उतरलं?" असं विचारलं, तर मी विचारतो, "कुठून?" कारण धायरीच्या पुलावरून मी आता एका दमात चढून दोन्ही बाजूंनी उतरतो. स्ट्राँगरूमच्या जिन्यात पूर्वी मधे थांबून किल्ल्या तपासायचं नाटक करावं लागे. ते बंद झालं आहे. हेड कॅशिअर अजून करतो. परवा त्यानेच हळूच चौकशी केली, "ती गादीवाली चड्डी कुठे मिळते?" मी पत्ता दिला, आणि पहिली गोष्ट म्हणजे सीट अण्णांकडून बसवून घे, हेही सांगितलं.

तेरा किलोंपैकी साडेदहा अजून बाकी आहेत. हरकत नाही. वीस-बावीस वर्षांत साचलेलं कर्ज आठ महिन्यांत फेडतो असं म्हणणारा कर्जदार आमच्याकडे आला, तर आम्ही त्याच्याकडे संशयाने पाहतो. आम्हाला आवडतो तो लहान हप्त्याचा, न चुकणारा माणूस. त्याच्या मुद्दलात फार फरक पडलेला नसला, तरी आम्ही त्याच्या नावापुढे 'खाते नियमित' असं लिहितो आणि निर्धास्त होतो. माझ्या कन्येला तिच्या चाळिशीत एखाद्या डॉक्टरने विचारलंच, "घरात कुणाला आहे?" तर तिने "आजोबांना होता," एवढंच सांगावं आणि पुढच्या रकान्यात माझं नाव येऊ नये, इतकीच माझी या खात्यावरची अपेक्षा आहे. नॉमिनीची जागा मी कोरी ठेवली आहे.